वैजयंताचं मनगट

वैजयंताचा उजवा हात कोपराखाली चार बोटं उरला होता. एवढ्यावर कृत्रिम हात बसत नाही. बसवला तरी कोपर वाकवलं की निघून येतो, कारण त्याला धरून ठेवायला खाली काही नसतं. बाटलीला आटेच नसले तर झाकण बसणार कसं, तसं. हे आम्हाला मिरजेच्या डॉक्टरांनी सांगितलं. तोवर आम्ही तीन ठिकाणचे तीन हात आणून माळ्यावर टाकले होते.

मी कासार. तासगावात कासार गल्लीत आमचं बांगड्यांचं दुकान आहे. आता मॉलमध्ये यंत्रात हात घातला की यंत्र माप घेतं आणि समोरच बांगडी छापून देतं. तरी लग्नाचा चुडा भरायला, डोहाळजेवणाला बायका अजून आमच्याकडेच येतात. वैजयंता लग्न होऊन आली तेव्हा तिला बांगडी भरता येत नव्हती. वर्षभरात माझ्यापेक्षा चांगली भरायला लागली. बायका मला सोडून तिच्यापुढं जाऊन बसायच्या. म्हणायच्या, "तुमचा हात लई राठ आहे, दादा. वहिनी भरतात ते कळत पण नाही."

तिचा हात गेला वडापमध्ये. जीपच्या खिडकीत कोपर टेकवून बसली होती, समोरून उसाची ट्रॉली घासून गेली. दवाखान्यात तो हात कापडात बांधून माझ्याकडे दिला. त्यात तीन बांगड्या शाबूत होत्या. मी तो येरळा नदीच्या काठाला नेऊन पुरला. कुठं पुरला ते तिनं कधी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही.

त्यानंतर ती गल्ल्यावर बसायला लागली. दोन्ही हातांच्या बांगड्या एकट्या डाव्या हातात घालायची. मनगटापासून कोपरापर्यंत भरलेला हात बघून नवीन गिऱ्हाईक चमकायचं. ती म्हणायची, "उजव्याच्या वाटणीच्या पण यालाच दिल्यात. ओझं उचलतोय बिचारा."

मिरजेला डॉ. शहनाज मुजावर म्हणून हाडांच्या डॉक्टर आहेत. त्यांनी तिचा हात बघितला आणि म्हणाल्या, "हात बदलून उपयोग नाही. आधी हा लांब करू."

मला वाटलं, बोलायची पद्धत असेल. पण त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हाड मधोमध अलगद कापायचं. काही दिवस तसंच ठेवायचं. कापलेल्या जागी शरीर भरून काढायला लागलं की दोन्ही टोकं एकमेकांपासून लांब न्यायची, रोज एक मिलिमीटर. मधल्या फटीत नवीन हाड तयार होत जातं. फट घाईनं वाढवली तर हाड धरत नाही, फार सावकाश वाढवली तर मधेच जुळून बसतं. पूर्वी यासाठी हाताभोवती लोखंडी कड्या लावायचे आणि त्यांच्या तारा हाडातून आरपार घालायचे. मॅडमची सळई हाडाच्या आतच बसते. बाहेरून पट्टा बांधायचा. पट्ट्यातलं चुंबक फिरलं की आतली सळई केसभर उलगडते.

"हाडाचं काही नाही," मॅडम म्हणाल्या. "हाड वाढतं. नसा आणि कातडी मागं राहतात, हा खरा त्रास."

त्यांचं संशोधन त्यावरच होतं. आईच्या पोटात बाळाचा हात खांद्याकडून बोटांकडं उगवत जातो. आधी दंड, मग कोपराखालचा हात, मग मनगट, मग पंजा. त्या इवल्या हाताच्या टोकाला पेशींची एक कड असते. ती मागच्या पेशींना सारखा निरोप देत असते, वाढा, अजून वाढा. काम झालं की ती कड जन्माच्या कितीतरी आधी विरून जाते. मॅडमनी तो निरोप औषधात उतरवला होता. त्या औषधाची पट्टी हाताच्या टोकाला आत बसवायची, म्हणजे नसा, रक्तवाहिन्या, कातडी हाडाच्या बरोबरीनं चालतील. चार बोटांचा हात वीतभर झाला की त्यावर विजेवरचा हात बसणार होता. त्या हाताला गार-गरम कळतं. अंडं धरलं तरी फुटत नाही.

मी लगेच विचारलं, "त्यानं बांगड्या भरता येतील?"

"सरावानं येतील," मॅडम म्हणाल्या.

वैजयंतानं दुसरंच विचारलं. "त्याच्यावर बांगड्या राहतील?"

मॅडम हसल्या. "राहतील की. पण त्या प्लास्टिकवर."

ती डाव्या हातातल्या बांगड्यांकडं बघत राहिली.

पट्टा मी बांधायचो, सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. सळई उलगडायची तेव्हा तिच्या कपाळावर घाम यायचा. ती रडायची नाही, मला बोलायची.

"कासार आहात का सुतार?"

"हलू नकोस."

"लांब करताय तर सरळ तरी करा. सासूबाईंच्या नाकागत वाकडं नको."

"आईचं नाव घेऊ नकोस."

"मग काय तुमचं घेऊ?"

गिऱ्हाईक असलं तरी हे चालायचं. बायका हसायच्या. हात खरोखर लांब होत होता. आठवड्याच्या बाजाराला आलेली बाई पुढच्या वेळी यायची तेव्हा तिलाही फरक दिसायचा. नवीन कातडी पातळ आणि गुलाबी होती. मॅडमनी बजावलं होतं, तिला काही घासायला नको, काही घालायचं नाही.

हात ठरल्याएवढा झाला. विजेच्या हाताचं माप द्यायला म्हणून आम्ही मिरजेला गेलो. मॅडमनी हाडाचा फोटो काढला आणि पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मग त्यांनी खुर्ची ओढली आणि आम्हाला जवळ बोलावलं.

हाडाच्या टोकापुढं दाणे दिसत होते. तुरीच्या दाण्याएवढे, एकमेकांना लागून.

"गाठी आहेत का?" मी विचारलं.

"मला पण आधी तसंच वाटलं," मॅडम म्हणाल्या. "पण यांची मांडणी बघा. ही मनगटाची हाडं आहेत. मोठ्या माणसाला आठ असतात. यांना पाच दिसतायत."

औषधाची पट्टी केव्हाच विरून गेली होती. तरी वैजयंताच्या हातानं तो निरोप ऐकायचा थांबवला नव्हता. मॅडमनी अशा बऱ्याच जणांचे हात लांब केले होते. बाकी कुणाला हे झालं नव्हतं.

मॅडम सरळ बाई आहेत. त्यांनी आशा लावली नाही. म्हणाल्या, "यातून हात येईल असं मी म्हणणार नाही. बहुतेक हे दाणे असेच राहतील. आणि हे राहिले तर विजेचा हात बसवता येणार नाही. खोबणीत टोक दाबलं जातं, तिथं सपाट लागतं. बसवायचा असेल तर हे कापून काढावं लागेल."

"मग काढा," मी म्हणालो.

"नाही काढायचं," वैजयंता म्हणाली.

परत येताना वडापमध्ये आम्ही लोकांदेखत भांडलो.

"एवढं सोसलंस कशासाठी?" मी म्हणालो. "हात बसवायला ना? मग आता दारात आल्यावर परत का फिरतेस?"

"तुमच्या दुकानाला हात पाहिजे."

"तुला नको?"

"मला माझा पाहिजे. बघितलं न्हाय तुम्ही? माझं मनगट उगवतंय. ते कापून तिथं प्लास्टिक बसवू?"

"मनगट नाही ते. दाणे आहेत. मॅडम काय म्हणाल्या ऐकलंस ना?"

"मॅडमचा हात जाग्यावर आहे. तुमचा पण जाग्यावर आहे." एवढं बोलून तिनं खिडकीकडं तोंड केलं. हात मात्र दोन्ही आत, मांडीवर.

त्यानंतर आमचं बोलणं कामापुरतं राहिलं. मला खरंच ती पुन्हा माझ्या शेजारी बांगड्या भरायला बसलेली हवी होती. बायकांनी पुन्हा मला सोडून तिच्याकडं जावं असं वाटायचं. त्यात वाईट काय होतं मला अजून कळत नाही. इचलकरंजीहून केतकीचा, आमच्या मुलीचा, फोन यायचा. ती दोघांशी वेगवेगळं बोलायची. मला म्हणायची, "पप्पा, तिच्यावर सोडा." तिला काय म्हणायची माहीत नाही.

एका दुपारी दुकानात कुणी नव्हतं. वैजयंता गल्ल्यावरून उठली आणि माझ्यासमोर पाटावर गिऱ्हाईक बसतं तशी बसली. उजवा हात पुढं केला.

"माप घ्या."

"कशाला चेष्टा करतेस?"

"घ्या तर. कासार ना तुम्ही?"

मी हात धरला. पट्टा बांधताना रोज धरत होतो, पण तेव्हा लक्ष यंत्राकडं असायचं. आता बोटांनी चाचपलं. हात खाली बारीक होत गेला होता आणि टोकाशी पुन्हा थोडा फुगला होता. दाबलं की आतले दाणे एकमेकांवर सरकत होते. बाईचं मनगट दाबल्यावर सरकतं तसंच. लहान पोरीचं होतं, एवढंच.

"दीडची जाईल," मी म्हणालो.

"बाळलेणं झालं की हो हे," ती म्हणाली आणि हसायला लागली. मग हसता हसता डोळ्याला पदर लावला. "गौरीला भराल?"

"भरतो."

"आणि प्लास्टिकचं?"

"राहू दे."

तिनं स्वतः शोधून दीडच्या हिरव्या बांगड्या बाजूला काढून ठेवल्या. मॅडमना फोन केला. मॅडम म्हणाल्या, तोवर कातडी घट्ट झाली असेल, हरकत नाही. त्यांना आत काय चाललंय ते बघायचं होतं, पण सुई घातली तर वाढ थांबेल म्हणून त्या घालत नव्हत्या. म्हणाल्या, थांबू, घाई कशाला.

गौरी भाद्रपदात असतात. वैजयंता आषाढातच गेली.

सकाळी मेथी निवडत बसली होती. मी दुकान झाडून आत आलो तर ती भिंतीला टेकली होती आणि जुडी मांडीवर होती. गावातले डॉक्टर आले, हृदय बंद पडलं म्हणाले. मी विचारलं, हातामुळं का? ते म्हणाले, हाताचा काही संबंध नाही. संबंध असता तर बरं झालं असतं. कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या.

सवाष्ण बाई गेली की कासाराला बोलावणं येतं. बायका तिला न्हाऊ घालतात, हिरवं लुगडं नेसवतात, ओटी भरतात आणि कासार येऊन हिरव्या बांगड्या भरतो. हे काम मी कितीतरी घरी केलंय. शेजारच्या दुकानातला गजाभाऊ दारात आला आणि म्हणाला, "दादा, तुम्ही बसा. मी भरतो."

"नको," मी म्हणालो.

तेवढ्यात मुजावर मॅडम आल्या. त्यांना केतकीनं कळवलं होतं. हातात निळी पेटी होती, बर्फाची. त्यांनी चप्पल काढली, वैजयंताच्या पायाला हात लावला आणि मला आतल्या खोलीत यायला सांगितलं. केतकी मागोमाग आली.

"दादा, ही वेळ नाही," मॅडम म्हणाल्या. "पण दुसरी वेळ मिळणार पण नाही. त्या हाताचं टोक अजून दोन-तीन तास जिवंत असेल. मला ते द्या."

मला आधी समजलंच नाही. केतकीला समजलं.

"कापून?" ती म्हणाली. "तुम्ही इथं आईला कापायला आलाय?"

"केतकी, माझ्याकडं लोक येतात. कुणाचा हात कारखान्यातल्या प्रेसमध्ये गेलेला असतो, कुणाचा कडबाकुट्टीत. मी सगळ्यांचे हात लांब करते आणि पुढं प्लास्टिक बसवते. तुझ्या आईच्या हातानं ते केलं जे कुणाच्या हातानं केलं नाही. का केलं ते त्या दाण्यांत आहे. फोटोत दिसत नाही. जळून गेलं की संपलं."

"माझी आई आत्ता कुठं पुरी होत आली होती," केतकी म्हणाली. "तिला परत तोडून पाठवायची?"

मॅडमचे डोळे भरले. पण त्या मागं सरल्या नाहीत. माझ्याकडं बघत राहिल्या.

मी म्हणालो, "आधी बांगड्या भरू दे. मग बघू."

सगळ्यांनी तो होकार धरला. मीही धरला होता. मॅडम खोटं बोलत नव्हत्या, हे मला माहीत होतं. वैजयंतानं प्रेसमध्ये हात गेलेल्या पोरींना दवाखान्यात बोलावून बोलावून आपलं मनगट दाखवलं होतं, हेही माहीत होतं.

मी तिच्याजवळ बसलो. आधी डावा हात भरला. मग उजवा मांडीवर घेतला. दीडची बांगडी टोकाला लावली आणि अंगठ्यानं दाबलं. ते दाणे एका बाजूला झाले, बांगडी आत गेली, दाणे परत जागेवर आले. एकेक करून सगळ्या भरल्या. त्या खाली घसरल्या नाहीत. वर सरकवून सोडल्या तर किणकिणत खाली आल्या आणि मनगटाशी थांबल्या. बसलेल्या बायकांपैकी कुणीतरी तोंडात पदर कोंबून रडायला लागलं. एवढ्या वर्षांत त्या हाताचा आवाज घरात आला नव्हता.

मी मॅडमना विचारलं, "या काढाव्या लागतील का?"

"मी बांगड्यांच्या वरून, कोपराकडून कापून घेईन. बांगड्यांना हात लावणार नाही."

"इथं नाही. तिथं नेल्यावर."

हो म्हणून नंतर काहीही करता आलं असतं मॅडमना. मी बघायला थोडाच जाणार होतो? पण त्या म्हणाल्या, "साबणानं निघतात का बघेन. नाही निघाल्या तर फोडाव्या लागतील."

"मी जिवंत आहे, मॅडम," मी म्हणालो.

त्यांना कळलं. आमच्याकडं बाईच्या हातातल्या बांगड्या कधी फोडतात ते मिरजेच्या माणसाला सांगावं लागत नाही.

"आणि तिचा हात मी एकदा पुरलाय," मी म्हणालो. "दुसऱ्यांदा देत नाही."

मॅडमनी पेटीचं झाकण लावलं. मग विचारलं, "नुसता हात लावू?"

बायकांनी जागा दिली. मॅडम तिच्याशेजारी मांडी घालून बसल्या, डोळे मिटले आणि बांगड्यांच्या खालून, दोन बोटांनी ते मनगट चाचपत राहिल्या. ओठ हलत होते. दाणे मोजत होत्या की काही म्हणत होत्या, मी विचारलं नाही. केतकीनं त्यांना पाणी आणून दिलं. त्या ते पूर्ण प्यायल्या आणि पेटी उचलून गेल्या.

तिसऱ्या दिवशी सावडायला गेलो. राखेत सळई सापडली, काळी पडलेली. तिच्याजवळ काचेचा एक गोळा होता, लिंबाएवढा. बांगड्या वितळून एक झाल्या होत्या. आत पांढरे कण अडकले होते. गजाभाऊ म्हणाला, हे पण नदीत सोडा. मी सळई सोडली. गोळा रुमालात बांधला.

बरेच महिने तो रुमाल कपाटात होता. दुकान मी उघडत होतो. एकदा मिरजेहून आलेल्या बाईला चुडा भरताना सहज विचारलं, मुजावर मॅडमकडं कुणाला मनगट आलं का? तिचा भाऊ तिथं कामाला होता. ती म्हणाली, नाही बाई, औषध बदलून बघतायत, कुणालाच येत नाही. त्या रात्री मला झोप लागली नाही. परत तसाच प्रसंग आला तर मी देईन का? मला अजून हो म्हणता येत नाही. पण नाही म्हणतानाही पूर्वीसारखा आवाज निघत नाही.

मी रुमाल घेऊन मिरजेला गेलो.

मॅडमनी गोळा हातात घेतला आणि उजेडात धरला. "जळलेल्या हाडात काही राहत नाही, दादा," त्या म्हणाल्या. "पेशी नाहीत, निरोप नाही. फक्त आकार."

"आकार तरी बघा."

त्यांनी तो यंत्रात ठेवला. पडद्यावर काच पुसट झाली आणि दाणे ठळक झाले. मॅडमनी पेन्सिल घेऊन मोजले. जागचे हलले होते, पण त्या एकेकाला नावानं ओळखत होत्या. आठही होते. शेवटच्या फोटोनंतर तीन आले होते.

मग त्या थांबल्या. आठांपासून बाजूला अजून एक होता, लांबट, तांदळाच्या दाण्याएवढा.

"हा?" मी विचारलं.

"हा मनगटातला नाही," मॅडम म्हणाल्या. त्यांनी चष्मा काढला आणि परत घातला. "हा त्याच्या पुढचा आहे. पंजातला. अंगठ्याच्या मुळाशी असतो."

मी उभा होतो. त्यांनी मला खुर्ची दिली.

"म्हणजे पंजा येत होता?"

"सुरुवात झाली होती. पुढं थांबलंही असतं."

"पण झाली होती."

"हो. झाली होती."

आम्ही दोघं पडद्याकडं बघत बसलो. बांगडी भरताना आम्ही अंगठा आधी तळव्यात दाबतो. अंगठा आत गेला की बाकीचा हात सोपा असतो. अंगठा असल्यावर दीडची बांगडी चालली नसती.

"तिचं माप सव्वादोन होतं," मी मॅडमना म्हणालो.

मॅडमनी मान हलवली, आणि पडद्यावर त्या तांदळाएवढ्या दाण्याच्या शेजारी ते लिहून ठेवलं.